चाळिशीनंतरचा कर्णधार : प्रा. दि. ब. देवधर

वर्ग आणि मैदान

दिनकर बळवंत देवधर यांचा जन्म 14 जानेवारी 1892 चा, पुण्यातला. पुण्याच्या स. प. महाविद्यालयात ते संस्कृत शिकवत. त्या काळी क्रिकेटवर घर चालत नसे. पोटापाण्याची सोय प्राध्यापकीने केली. पुढे पद्मभूषण मिळाले तरी क्रिकेटच्या जगात ते ‘प्रोफेसर देवधर’च राहिले.

कसोटीची टोपी नाही

1926 साली आर्थर गिलिगनचा एमसीसी संघ भारतात आला. त्याच्याविरुद्ध मुंबईत देवधरांनी 148 धावा काढल्या. पण भारताचा पहिला अधिकृत कसोटी सामना झाला 1932 मध्ये, लॉर्ड्सवर. तोवर देवधर चाळीस वर्षांचे झाले होते. अधिकृत कसोटी त्यांच्या वाट्याला कधीच आली नाही. जन्मसालाने केलेला हा अन्याय; त्यांच्या बॅटीचा त्यात काही दोष नव्हता.

पुण्यातली ती 246

खरी गंमत पुढेच आहे. एरवी माणूस ज्या वयात पॅड काढून पंचांचा कोट चढवतो, त्या वयात देवधरांनी महाराष्ट्राला 1939-40 आणि 1940-41 असा लागोपाठ दोनदा रणजी करंडक जिंकून दिला. संघात विजय हजारेंसारखा तरुण होता, पण कर्णधार देवधर नुसते नाणेफेकीपुरते नव्हते. 1940-41 च्या हंगामात मुंबईविरुद्ध पुण्यात त्यांनी 246 धावा केल्या. महाराष्ट्राच्या 675! मुंबईही हटली नाही. खंडू रांगणेकरांनी द्विशतक ठोकले आणि मुंबईचा डाव 650 पर्यंत गेला. बाद फेरीत सामना निकाली लागला नाही, तर पहिल्या डावातली आघाडी धरतात. म्हणजे तेराशेहून अधिक धावांच्या त्या रगाड्यात निकाल लागला अवघ्या 25 धावांनी. देवधरांच्या 246 वजा करून पाहा.

एवढ्यावरही ते थांबले नाहीत. पन्नाशी उलटल्यावर, 1944 मध्ये, नवानगरविरुद्ध एकाच सामन्यात दोन्ही डावांत शतके : 105 आणि 141.

घरातले खेळाडू

तारा, सुमन आणि सुंदर या त्यांच्या मुलींनी बॅडमिंटनची राष्ट्रीय अजिंक्यपदे मिळवली. त्यांच्यावर खरे तर वेगळा लेख व्हायला हवा.

नावाचा करंडक

1973-74 पासून देवधर करंडक सुरू झाला. दोन-दोन दिवस खेळपट्टीवर ठाण मांडणाऱ्यांच्या काळातल्या माणसाचे नाव मर्यादित षटकांच्या स्पर्धेला मिळाले, आणि ते पाहायला ते स्वतः हयात होते. 24 ऑगस्ट 1993 रोजी, शंभरी पार करून, ते गेले.

गोंदियाकरांनी एक लक्षात ठेवावे. देवधर खेळत तेव्हा गोंदिया होते मध्य प्रांतात, आणि मध्य प्रांत-वऱ्हाडचा रणजी संघ वेगळा होता. आज जिल्हा महाराष्ट्रात आहे, पण क्रिकेटमध्ये त्याचा विदर्भ संघ मध्य विभागात येतो आणि पुणे पश्चिम विभागात. त्यामुळे विभागीय संघांत देवधर करंडक रंगत असे, तेव्हा गोंदियाचा मुलगा देवधरांच्या पुण्याविरुद्ध उभा असे.