धिंगरीची भूक

धिंगरी लावायची म्हणतेस ना, सई? मग आधी मेथी-कोथिंबिरीचा हिशेब डोक्यातून काढून टाक. हिला माती नको, खत नको, कडक ऊन तर नकोच नको. बाजारात ऑयस्टर मशरूम म्हणून जी मिळते, ती ही आपली धिंगरी. अळिंबी म्हणजे वनस्पती नव्हेच मुळी. तिच्या पेशींच्या भिंतीत कायटिन असतं, तेच जे कोळंबीच्या आणि खेकड्याच्या कवचात असतं. वंशावळ मांडली तर ती पालकापेक्षा तुला-मला जवळची. हिरवी पानं नाहीत, म्हणजे उन्हावर अन्न शिजवणं आलं नाही. आपल्यासारखं तिलाही आयतंच खावं लागतं.

आणि खाते काय, तर लाकूड! रानात मेलेल्या झाडाच्या खोडावर ती उगवते. लाकडात लिग्निन नावाचा भारी चिवट पदार्थ असतो. गाईचं चार कप्प्यांचं पोटही त्याच्यापुढे हात टेकतं. धिंगरी मात्र आपले पांढरे धागे लाकडात घुसवते, त्यांतून विकरं सोडते, लिग्निन बाहेरच फोडते आणि मग विरघळलेलं अन्न शोषून घेते. आधी पचन, मग जेवण!

पण लाकडात नायट्रोजन अगदी नावापुरता. त्याशिवाय प्रथिनं बनत नाहीत. मग ही बाई करते काय? शिकार! हसू नकोस. १९८४ साली थॉर्न आणि बॅरन या शास्त्रज्ञांनी दाखवून दिलं की धिंगरी सूत्रकृमी मारून खाते. सूत्रकृमी म्हणजे डोळ्यांना न दिसणारे, वळवळणारे बारीक किडे. ते मरतात कसे, याचा उलगडा तैवानच्या संशोधकांनी २०२३ साली केला. धिंगरीच्या धाग्यांवर सूक्ष्मदर्शकाखाली इवलेइवले लॉलीपॉप दिसतात: खाली बारीक दांडी, वर गोल गाठ. गाठीत ऑक्टॅनोन नावाचं विषारी द्रव्य. किड्याचं तोंड तिला लागलं की गाठ फुटते, किडा लुळा पडतो आणि काही मिनिटांत मरतो. मग धागे त्याच्या शरीरात शिरतात. आपण मात्र हिला निमूट शाकाहारी ताटात वाढतो.

असा हा खादाड जीव माणसाच्या हाती लागला तो उपासमारीच्या काळात. पहिलं महायुद्ध चालू होतं, जर्मनीत अन्नाची टंचाई होती. १९१७ साली फाल्क नावाच्या शास्त्रज्ञाने झाडांच्या बुंध्यांवर ती मुद्दाम वाढवून दाखवली. आपल्याला बुंधे नकोत. गव्हाचं काड किंवा भाताचा पेंढा चालतो. त्यातही लिग्निन असतंच.

काड नवं, कोरडं, पावसात न भिजलेलं घे. दोन-तीन बोटं लांबीचे तुकडे करून रात्रभर पाण्यात भिजव. सकाळी ८० अंशांच्या गरम पाण्यात तासभर बुडवून ठेवायचं. हे काम आईबरोबरच करायचं बरं का, एकटीने नाही. काडावर आधीच शेकडो बुरश्या टपून बसलेल्या असतात. त्यांतली हिरवी ट्रायकोडर्मा फार दांडगी. तिने पंगत आधी धरली तर धिंगरी उपाशीच. गरम पाण्याने ही गर्दी हटते. मग काड निथळू दे. मूठभर घेऊन दाबलं तर थेंब पडू नये, तळहात मात्र ओला व्हावा.

आता बियाणं. त्याला स्पॉन म्हणतात. उकडलेल्या गव्हाच्या नाहीतर ज्वारीच्या दाण्यांवर धिंगरीचे धागे वाढवलेले असतात. पुण्याच्या कृषी महाविद्यालयात अळिंबीचा संशोधन प्रकल्प आहे, तिथे चौकशी कर. दाणे पांढऱ्या धाग्यांनी गच्च वेढलेले हवेत. हिरवा-काळा डाग दिसला की घेऊच नकोस. ओल्या काडाच्या किलोमागे वीस-तीस ग्रॅम पुरे. प्लास्टिकच्या पिशवीत काडाचा थर, त्यावर दाणे, पुन्हा काड, असं भरत जा. तोंड बांध, दाभणाने छिद्रं पाड आणि अंधाऱ्या कोपऱ्यात ठेवून दे. पंधरा-वीस दिवसांत पिशवी आतून पांढरीशुभ्र होते. तोवर उघडून बघायचं नाही; तुझी सवय माहीत आहे मला.

मग पिशवी फाडून काढ, काडाचा गठ्ठा सावलीत पण थोड्या उजेडात टांग आणि दिवसातून दोन-तीनदा बारीक फवारा मार. चार-पाच दिवसांत टाचणीच्या डोक्याएवढे कोंब दिसतील. त्यानंतरची वाढ बघण्यासारखी! सकाळचा कोंब आणि संध्याकाळचा कोंब ओळखू येत नाही. खिडकी उघडी ठेव. अळिंबी आपल्यासारखाच श्वास घेते आणि कार्बन डायऑक्साइड सोडते. तो कोंडला की देठ लांबच लांब होतो आणि छत्री बटणाएवढीच राहते. आपण अजून मोकळ्यावर आलो नाही, असाच तिचा हिशेब दिसतो. छत्री उघडून बीजाणू उडवायचे कुठे?

त्या बीजाणूंपायी एक काळजी घ्यायची. छत्रीची कड वर वळायच्या आत देठ पिळून काढणी कर. उशीर झाला तर बीजाणूंचा ढग उठतो आणि तो छातीला बाधतो. म्हणून गठ्ठे जास्त असले की तोंडाला मास्क, आणि झोपायच्या खोलीत तर अळिंबी नकोच. एका गठ्ठ्याला आठ-दहा दिवसांच्या अंतराने दोन-तीन बहर येतात. किलोभर कोरड्या काडामागे अर्धा-पाऊण किलो अळिंबी मिळाली की पहिल्या खेपेला ठीकच म्हणायचं. उरलेलं काड गांडूळखताला दे.

एप्रिल-मे सोडून दे, थंडीत सुरुवात कर. आणि घरची धिंगरी जमली म्हणून पावसाळ्यात रानातल्या छत्र्या तोडून आणायच्या नाहीत. त्यांतल्या काही जीव घेणाऱ्या असतात, आणि शिजवल्यानेही त्यांचं विष जात नाही.