हातातल्या यंत्रावर डेटाबेस
पॉकेट पीसीसाठी प्रोग्राम लिहिताना व्हिज्युअल स्टुडिओ २००५ एक मोठं काम परस्पर उरकत असे. प्रकल्पाला एसक्यूएल सर्व्हरच्या मोबाइल आवृत्तीचा संदर्भ जोडला, की 'डिप्लॉय' करताना डेटाबेसच्या कॅब फाइली, म्हणजे इन्स्टॉल करायची पॅकेजेस, यंत्रावर जाऊन बसत. कोणती कॅब लागणार हे यंत्राचा प्रोसेसर आणि त्यावरच्या विंडोज सीई या ऑपरेटिंग सिस्टिमची आवृत्ती यांवर ठरे. फाइलीच्या नावातच 'डब्ल्यूसीई५', 'एआरएमव्ही४आय' अशी खूण असे. डेटाबेसमधली माहिती सगळी एकाच एसडीएफ फाइलीत.

खरी अडचण पुढे यायची. गोदामात मालाची नोंद करणाऱ्याचं यंत्र व्हिज्युअल स्टुडिओला जोडलेलं नसे. तिथे प्रोग्रामबरोबर त्या कॅबही आठवणीने टाकाव्या लागत. नाहीतर डेटाबेस उघडायच्या क्षणीच गाडी अडायची. अँड्रॉइडमध्ये एसक्यूलाइट हा डेटाबेस मुळातच असतो, त्यामुळे तिथे हा खटाटोप नाही.