हँडल नसलेलं किचन रीलमध्ये भारी दिसतं, पण आपल्या ओट्याखाली ते नीट चालण्यासाठी काय करावं लागतं?

इन्स्टाग्रामवर किचनचं एक रील बघितलं की पुढची दहा रील किचनचीच येतात. पांढरी नाहीतर राखाडी कपाटं, सगळं सपाट, एकही हँडल नाही. बोटानं हलकेच दाबलं की ट्रॉली बाहेर. नव्या फ्लॅटची चावी हातात आलेल्या माणसाला वाटतं, आपल्याकडे हेच करायचं. सुतारही म्हणतो, "होऊन जाईल की, उलट हँडलचे पैसे वाचतील."

गडबड इथंच सुरू होते. हँडल काढलं म्हणून कपाट उघडायचं थांबत नाही. बोटं घालायला जागा कुठेतरी ठेवावीच लागते. ती जागा प्लायवूड कापण्याआधी ठरली, तर किचन दिसायलाही छान आणि वापरायलाही सोपं होतं. नंतर आठवलं, तर नव्याकोऱ्या शटरला भोकं पाडून हँडल बसवायची वेळ येते.

मुळात ही कल्पना आली कुठून?

आज ज्याला आपण मॉड्युलर किचन म्हणतो, त्याची सुरुवात म्हणून १९२६ सालच्या 'फ्रँकफर्ट किचन'कडे बघितलं जातं. ऑस्ट्रियाच्या वास्तुविशारद मार्गारेटे शुटे-लिहोट्स्की यांनी ते जर्मनीतल्या फ्रँकफर्ट शहराच्या घरबांधणी योजनेसाठी आखलं होतं. जागा कमी, त्यामुळे प्रत्येक वस्तूची जागा ठरलेली.

हँडल गायब झालं ते नंतर. जर्मनीच्याच झीमाटिक या कंपनीनं १९६० मध्ये '६००६' नावाचं किचन आणलं. हे जगातलं पहिलं हँडल नसलेलं किचन असल्याचं कंपनी सांगते. त्यातही बोटांसाठी आत दबलेली पट्टी होतीच. म्हणजे बोटांची जागा तेव्हाही गेली नव्हती, फक्त ती लपवली होती.

मग हँडलशिवाय कपाट उघडतं कसं?

यासाठी मुख्यतः चार पद्धती वापरल्या जातात.

पहिली पद्धत गोला प्रोफाइलची. यात ओट्याच्या खाली आणि दोन ट्रॉल्यांच्या मधे ॲल्युमिनियमची आडवी पट्टी बसते. ओट्याखालची पट्टी इंग्रजी 'एल'सारखी, तर मधली 'सी'सारखी. बोटं या पट्टीच्या पोकळीत जातात आणि शटर मागच्या बाजूनं ओढलं जातं. ही पट्टी बसवायला कपाटाच्या उभ्या फळ्यांना पुढून खाच कापावी लागते. खाच साधारण अडीच सेंटीमीटर खोल आणि पाच ते सात सेंटीमीटर उंच असते. नेमकं माप कंपनीप्रमाणे बदलतं. त्यामुळे पट्टी आधी विकत आणायची आणि फळी नंतर कापायची, हा क्रम महत्त्वाचा.

दुसरी पद्धत म्हणजे शटरच्याच कडेला बोटांसाठी वळण. याला जे प्रोफाइल म्हणतात. कपाटाला खाच लागत नाही. पण हे वळण एमडीएफमध्येच सफाईनं कोरता येतं. प्लायवूड कोरलं तर आतले थर दिसतात आणि वळणावर सनमायका नीट बसत नाही. प्लायवूडच वापरायचं असेल, तर शटरच्या कडेला ॲल्युमिनियमची प्रोफाइल पट्टी लावून घेणं हा सोपा मार्ग आहे. ती दुरून दिसत नाही आणि ओढायलाही सोपी जाते.

तिसरी पद्धत पुश टू ओपन. दाबलं की उघडतं, रीलमध्ये दिसतं ते हेच. आत स्प्रिंगचा एक छोटा दांडा असतो, तो शटर बाहेर ढकलतो. त्यासाठी शटरच्या मागे काही मिलीमीटर मोकळी जागा लागते, नाहीतर दाबायचं कुठे? शिवाय नेहमीची सॉफ्ट क्लोज बिजागरी शटर आत ओढून घेते आणि हा दांडा ते बाहेर ढकलतो. दोघांची ओढाताण होते. म्हणून इथं स्प्रिंग नसलेली बिजागरी लागते. ट्रॉल्यांसाठी दोन्ही गोष्टी एकत्र असलेले चॅनल मिळतात, पण ते महाग असतात.

चौथी पद्धत सगळ्यात स्वस्त आणि ती फक्त भिंतीवरच्या कपाटांसाठी आहे. शटर कपाटाच्या तळापेक्षा दोन-अडीच सेंटीमीटर खाली लांब ठेवायचं. खालून बोटं घालायची आणि ओढायचं. ना पट्टी, ना स्प्रिंग.

आपल्या स्वयंपाकघरात कुठे काय चालतं?

रील बनवणाऱ्याच्या हाताला कणीक लागलेली नसते. आपल्याकडे एका हातानं पोळी उलटताना दुसऱ्या हातानं सांडशी काढायची असते. पुश टू ओपनला दरवेळी शटरच्या दर्शनी भागावर बोट लावावं लागतं. हात तेलकट असेल, तर चकचकीत ॲक्रिलिकवर ठसे दिसतात. ओट्याला टेकून उभं राहिलं, तरी पोटाच्या दाबानं ट्रॉली उघडते. म्हणून दिवसातून वीसदा उघडणाऱ्या चमच्यांच्या आणि भांड्यांच्या ट्रॉल्यांना गोला किंवा कडेची प्रोफाइल पट्टी बरी. पुश टू ओपन क्वचित उघडणाऱ्या कपाटांना ठेवावं.

गोलाचीही एक अडचण आहे. ओट्यावरून ओघळलेलं पाणी, पीठ, फोडणीतली मोहरी त्या पोकळीत जाऊन बसते. रोज ओटा पुसताना तिथूनही एकदा फडकं फिरवावं लागतं. पाणी आत जाऊ नये म्हणून ग्रॅनाइट शटरच्या थोडं पुढे असावं आणि त्याच्या खालच्या बाजूला बारीक खाच मारून घ्यावी. ओघळणारं पाणी त्या खाचेपाशी तुटून खाली पडतं, मागे जात नाही.

आणखी एक हिशेब उंचीचा. गोलाच्या पट्ट्या ओट्याखालची काही उंची खातात. तीन ट्रॉल्यांच्या उभ्या रांगेत त्या दोन ठिकाणी येतात. त्यामुळे तुमचा कुकर, कढई आणि सगळ्यात उंच डबा मोजून सुताराला माप आधीच द्यावं. सिंकच्या खाली तर पट्टी आणि सिंकचं भांडं एकाच जागेसाठी भांडतात, म्हणून सिंकचं मापही आधीच हवं.

सिलिंडर ओट्याखाली असेल, तर त्या शटरला पुश टू ओपन नकोच. गॅसचा वास आला की रेग्युलेटर क्षणात बंद करता आला पाहिजे. तिथं दांडा अडकून चालणार नाही. एलपीजी हवेपेक्षा जड असल्यानं तो खाली साठतो. म्हणून त्या कपाटाला तळाशी जाळीही हवी.

जुना ओटा असेल तर?

महाराष्ट्रातल्या असंख्य घरांत कडप्प्याच्या उभ्या फरश्यांवर ओटा उभा असतो आणि मधल्या खणांत स्टीलच्या ट्रॉल्या असतात. इथं गोलासाठी खाच कापणं म्हणजे ओट्याचा आधारच कापणं. शिवाय ग्रॅनाइटच्या पुढच्या कडेला खालून जोडपट्टी असेल, तर बोटं जायला जागाच उरत नाही. अशा घरात शटरच्या कडेची प्रोफाइल पट्टी हाच शहाणपणाचा पर्याय. त्यासाठी जोडपट्टी आणि शटर यांच्यात बोटं जातील एवढी फट सोडावी.

फिटिंग नीट झालंय हे कसं ओळखायचं?

हँडल असलं की नजर हँडलकडे जाते. ते नसलं की नजर रेषांवर जाते. दोन शटरमधली फट एकीकडे दोन आणि दुसरीकडे पाच मिलीमीटर असेल, तर ते लगेच खटकतं. म्हणून या गोष्टींवर लक्ष ठेवावं.

* फरशीचा सगळ्यात उंच भाग शोधून तिथून लेव्हल धरावी. बाकीची कपाटं पायांचे स्क्रू फिरवून त्या उंचीला आणावीत.
* गोलाची पट्टी शक्य तितकी अखंड घ्यावी. जोड आलाच, तर तो दोन कपाटांच्या सांध्यावर यावा.
* कापलेल्या खाचेची कड उघडी ठेवू नये. ती सील करून घ्यावी, नाहीतर पाणी तिथूनच प्लायवूडमध्ये शिरतं.
* शटरमध्ये सगळीकडे साधारण तीन मिलीमीटर सारखी फट असावी. मुंबई-कोकणच्या पावसाळ्यात शटर फुगलं आणि फट बुजली, तर शेजारची शटरं एकमेकांना घासतात.
* एल आकाराच्या किचनमध्ये कोपऱ्यात भरणीची पट्टी द्यावी, नाहीतर एक ट्रॉली उघडताना दुसरीच्या शटरला अडते.
* तिन्ही दिशांना सरकवता येणारी बिजागरी घ्यावी. वर्षभरानं शटर थोडं खाली आलं, तर स्क्रू फिरवून सरळ करता येतं.

मग घ्यावं की नाही?

अरुंद किचनमध्ये फायदा खरा आहे. ओढणी अडकत नाही, येता-जाता मांडीला हँडल लागत नाही, पुसायलाही सोपं. पण घरात सांधेदुखी असलेली आजी स्वयंपाक करत असेल, तर अरुंद पोकळीत बोटं वाकवून जड ट्रॉली ओढणं तिला त्रासाचं होतं. रांगतं मूल असेल, तर दाबलं की उघडणारी सुऱ्यांची ट्रॉली धोक्याची. सगळीकडे एकच पद्धत हवी असा काही नियम नाही. वर लांब शटर, खाली प्रोफाइल आणि आजीच्या हाताशी येणाऱ्या दोन ट्रॉल्यांना साधं हँडल, असंही करता येतं.

सुताराला ॲडव्हान्स देण्याआधी एक काम करावं. उरलेल्या प्लायवूडचा एकच खण बनवून घ्यावा, त्यात पट्टी बसवावी, आणि ट्रॉलीत घरचा भरलेला कुकर ठेवावा. मग घरातल्या प्रत्येकानं ओल्या हातानं ती उघडून बघावी. जिचा हात त्या किचनमध्ये सगळ्यात जास्त चालणार, तिनं "जमतंय" म्हटलं, की मगच पुढच्या फळीला करवत लावायची.