दाराची उजवी बाही : मेझुझा कोणत्या खोलीला लागतो, कोणत्या नाही?

ठाणे : चरई, नौपाडा, खारकर आळी या भागांत जुन्या इमारती पाडून टॉवर उभे राहत आहेत. घर रिकामं करताना कपाटं, भांडी, पंखे, अगदी दाराच्या कड्याही लोक आठवणीने काढून नेतात. ठाण्यातल्या ज्यू कुटुंबांना आणखी एक वस्तू काढायची असते. मुख्य दाराच्या चौकटीवर, आत शिरताना उजव्या हाताला, बोटाएवढी किंवा वीतभर लांबीची एक नळी ठोकलेली असते. लाकडाची, पितळेची, कधी साध्या प्लास्टिकची. शेजारपाजारचे तिला ताईत समजतात, काही जण सजावट. तिचं नाव मेझुझा. नव्या घरात गेल्यावर पहिला प्रश्न येतो तो हा की मेझुझा किती दारांना लावायचा? चाळीतल्या खोलीला एकच दार होतं. टू बीएचकेला आठ-नऊ असतात.

भारतातल्या ज्यूंची आजची मोठी वस्ती ठाण्यातच आहे. हे बहुतांशी बेने इस्रायल, म्हणजे मूळचे कोकणातले, मराठी बोलणारे. पेणकर, रोहेकर, दिवेकर, किहीमकर अशी त्यांची आडनावं गावांवरूनच पडली. तेलाच्या घाण्यावर काम करायचे आणि शनिवारी घाणा बंद ठेवायचे, म्हणून कुलाब्यात, म्हणजे आजच्या रायगडात, त्यांना ‘शनिवार तेली’ म्हणत. समाजाच्या परंपरेनुसार त्यांचे पूर्वज नवगावजवळ जहाज फुटून किनाऱ्याला लागले. ग्रंथ गेले, हिब्रू भाषा विसरली गेली, पण ‘शेमा’ ही एक प्रार्थना तोंडी टिकून राहिली. देव एकच आहे असं सांगणारी ही प्रार्थना जन्मापासून मरणापर्यंत प्रत्येक प्रसंगी म्हटली जाई. मेझुझाच्या नळीत जे असतं ते हेच.

नळी नव्हे, आतलं चामडं

मेझुझा या हिब्रू शब्दाचा मूळ अर्थच दाराची बाही, म्हणजे चौकटीचा उभा खांब. बायबलमधल्या अनुवाद या पुस्तकाच्या सहाव्या आणि अकराव्या अध्यायात या आज्ञा घराच्या बाह्यांवर लिहून ठेवाव्यात असं सांगितलं आहे. ते दोन्ही उतारे हाताने लिहून बाहीवर लावायचे, हा त्यावरून आलेला नियम. शेमा त्यातल्या पहिल्या उताऱ्याची सुरुवात आहे.

लिहिण्यासाठी खाण्यास चालणाऱ्या जनावराचं चामडं कमावून घेतात. त्यावर रेघा मारतात आणि खास शाईने २२ ओळींत ७१३ अक्षरं लिहितात. लिहिणाऱ्याला सोफेर म्हणतात. अक्षरं क्रमानेच लिहावी लागतात. मधलं एखादं राहिलं तर शेवटी येऊन ते भरता येत नाही. एक अक्षर कमी असेल किंवा दोन अक्षरं एकमेकांना चिकटली असतील तर अख्खा मेझुझा बाद. किंमत असते ती या लिखाणाची. नळी कितीही साधी चालते.

इथेच बरेच जण फसतात. इस्रायलहून भेट म्हणून आणलेल्या सुंदर नळीत कित्येकदा छापलेला कागद असतो. दिसायला सगळं बरोबर, पण नियमाने त्या दाराला मेझुझा लागलेलाच नाही. भेट मिळालेली नळी एकदा उघडून पाहावी.

ताईत समजणाऱ्यांसाठीही एक गोष्ट. बाराव्या शतकात इजिप्तमध्ये राहून धर्मशास्त्राचा मोठा ग्रंथ लिहिणारे मायमोनिडीझ अशा लोकांवर चांगलेच चिडले होते. काही मंडळी मेझुझाच्या आत देवदूतांची नावं लिहून त्याला संरक्षणाचा मंत्र बनवत. तसं केलं तर मेझुझा बाद, असं त्यांनी स्पष्ट लिहून ठेवलं.

कोणती खोली ‘घर’ ठरते?

मायमोनिडीझनेच दहा अटी दिल्या आहेत. खोली पुरेशी मोठी हवी. दोन्ही बाजूंना बाह्या हव्यात. वर आडवी पट्टी हवी, खोलीला छप्पर हवं, दाराला कवाड हवं. दाराची उंची निदान दहा मुठी, म्हणजे सुमारे ८० सेंटीमीटर असावी. जागा पवित्र कामासाठी राखलेली नसावी. ती माणसांच्या राहण्याची असावी, तिथलं राहणं मानाचं असावं आणि कायमचं असावं.

‘मानाचं राहणं’ या अटीमुळे संडास आणि बाथरूम सुटतात. देवाचं नाव असलेला लेख तिथे लावत नाहीत. म्हणजे टू बीएचकेतली दोन-तीन दारं लगेच कमी झाली. बाथरूमवरचा पोटमाळाही सुटतो, कारण त्याचं दार ठेंगणं आणि जागा अपुरी.

स्वयंपाकघराला मात्र लागतो, आणि खरी पंचाईत तिथेच होते. पुरेशी मोठी म्हणजे चार हात बाय चार हात. शास्त्रातला हा हात सर्वसाधारण हिशोबाने ४८ सेंटीमीटरचा, काही जण तो याहून मोठाही धरतात. ४८ धरले तर खोलीची बाजू साधारण सव्वा सहा फूट आणि क्षेत्रफळ ४० चौरस फुटांच्या आसपास येतं. आता ठाणे-डोंबिवलीच्या जुन्या वन रूम किचनमधलं सहा बाय आठचं स्वयंपाकघर घ्या. क्षेत्रफळ ४८ चौरस फूट, म्हणजे पुरेसं. पण रुंदी सहाच फूट, म्हणजे थोडी कमी. मायमोनिडीझच्या मते एकूण क्षेत्रफळ भरलं की पुरे, म्हणून लावायला हवा. त्यांच्यानंतरचे मोठे शास्त्री रोश म्हणतात, लांबी आणि रुंदी दोन्ही चार हात हव्यात, म्हणून गरज नाही. अशा ठिकाणी मधला मार्ग ठरलेला आहे. मेझुझा लावायचा, पण लावताना म्हणायचा आशीर्वाद म्हणायचा नाही. शंका असताना देवाचं नाव उगाच घ्यायचं नाही आणि आज्ञाही चुकवायची नाही.

हीच युक्ती कवाड नसलेल्या दारालाही लागू होते. हॉल आणि पॅसेजच्या मध्ये नुसती चौकट असते, फार तर पडदा. मायमोनिडीझ म्हणतात, कवाड नाही तर बंधन नाही. इतरांना ते पटत नाही. म्हणून लावतात, आशीर्वाद न म्हणता. पण आजकालच्या ‘ओपन किचन’मध्ये चौकटच नसते. एका बाजूला भिंत संपते, दुसरी बाजू सलग पुढे जाते. आत शिरताना उजवीकडे बाही नसेल, फक्त डावीकडे असेल, तर काहीच लावायचं नाही.

बाल्कनीचं दार बरेच जण विसरतात. बाल्कनी लहान असेल तर ती स्वतः खोली ठरत नाही. तरी तिचं दार घराचंच दार असतं. ते बाल्कनीतून घरात येण्याचं मानतात आणि आत येताना उजव्या हाताला मेझुझा लावतात. खिडकीला नाही. जमिनीपर्यंतची सरकती काच असेल आणि तिच्यातून माणसांची ये-जा होत असेल, तर तिला दारच धरायचं.

उजवी बाजू कोणती?

मुख्य दाराला हा प्रश्न पडत नाही. हॉलमधून बेडरूममध्ये जातानाही नाही. पण दोन खोल्यांच्या मधलं दार दोन्हीकडून सारखंच वापरात असेल तर ‘आत’ कुठे आणि ‘बाहेर’ कुठे? अशा वेळी बिजागरी पाहतात. कवाड ज्या खोलीत उघडतं ती आतली खोली, आणि तिच्यात शिरताना जी उजवी बाही ती मेझुझाची. सुताराने कवाड कुठे उघडेल असं बसवलं, त्यावर धर्माचा निर्णय अवलंबून राहतो.

उंचीचाही नियम आहे. दाराच्या उंचीचे तीन भाग करायचे आणि वरच्या भागाच्या तळाशी मेझुझा लावायचा. सात फुटी दार असेल तर जमिनीपासून ४ फूट ८ इंचांवर. चौकटीच्या जाडीत, बाहेरच्या कडेपासून मूठभर अंतराच्या आत. आपल्याकडे बाहेर लोखंडी सेफ्टी डोअर असतं आणि चौकटीत जागाच उरत नाही. मग बाहेरच्या भिंतीवर, दाराला लागूनच, मूठभर अंतराच्या आत लावला तरी चालतो. खिळा मारा किंवा गोंदाने चिकटवा, पण पक्का बसला पाहिजे. नुसता दोऱ्याने लटकवून ठेवणं चालत नाही.

युरोपातले अश्केनाझी ज्यू मेझुझा तिरका लावतात. फ्रान्समधले राशी उभा लावा म्हणाले, त्यांचे नातू रब्बेनू ताम आडवा, आणि पुढे त्यातून तिरक्याची तडजोड निघाली. बेने इस्रायलांची उपासना सेफार्दी वळणाची, आणि सेफार्दी रीत उभ्याची आहे.

गोठा, दुकान, सोसायटीचं गेट

शहरातल्या वाचकांना गोठ्याचा प्रश्न नवा वाटेल, मुरबाड-शहापूरकडे वाटणार नाही. शास्त्रकारांनाही वाटला नाही. मायमोनिडीझने गोठा आणि पेंढ्याचं कोठार यांना सूट दिली, कारण तिथे माणूस राहत नाही. सोळाव्या शतकातल्या ‘शुल्हान आरुख’ या ग्रंथात मात्र गोठा आणि कोंबड्यांचं खुराडंही यादीत आहे. माणूस तिथे झोपत नसला तरी ती त्याच्या रोजच्या वापराची जागा. गावाच्या वेशीलाही मेझुझा सांगितला आहे. जेरुसलेमच्या जुन्या शहराच्या दरवाजांना आजही तो दिसतो.

मग सोसायटीच्या गेटचं काय? सोळाव्या शतकातच पोलंडमधल्या रेमा या शास्त्र्याने लिहून ठेवलं की ज्यू आणि इतर धर्मीय यांच्या सामायिक मालकीच्या दाराला बंधन नाही. त्यामुळे लॉबी, जिना, गेट हे सगळं सुटतं. बंधन सुरू होतं ते स्वतःच्या फ्लॅटच्या दारापासून. दुकानात माणूस दिवसाच असतो, म्हणून तिथे मतभेद आहेत. बरेच जण आशीर्वादाशिवाय लावतात. लॉजची किंवा हॉस्पिटलची खोली तात्पुरती, तिला नाही.

टेंभी नाक्याजवळचं ‘शाअर हाशमायिम’ हे सिनेगॉग १८७९ चं. नावाचा अर्थ स्वर्गाचं दार. पण नुसत्या प्रार्थनेसाठी असलेल्या जागेला नियमाने मेझुझाचं बंधन नाही, कारण ते माणसाच्या राहण्याचं घर नव्हे. तिथे कोणी राहत असेल तर गोष्ट वेगळी.

घर बदलताना

रिडेव्हलपमेंटमध्ये गोंधळ होतो तो इथे. बंधन घराच्या मालकावर नसतं, राहणाऱ्यावर असतं. बाई एकटी राहत असली तरी तिच्यावरही ते तितकंच. बिल्डरने दिलेल्या भाड्यात अकरा महिन्यांच्या लिव्ह अँड लायसन्सवर घर घेतलं, मालक हिंदू असो की मुसलमान, तरी मेझुझा भाडेकरूनेच लावायचा. इस्रायलबाहेर त्याला ३० दिवसांची सवलत आहे, त्यानंतर नाही. भिंतीला भोक पाडायला मालक नको म्हणत असेल तर दोन्ही बाजूंनी चिकटणारी पट्टी आहेच. उलट गुंतवणूक म्हणून घेतलेल्या आणि कुलूप लावून ठेवलेल्या फ्लॅटला काहीच लागत नाही. तिथे कोणी राहतच नाही.

जुनं घर सोडताना पुढे ज्यू कुटुंब येणार असेल तर मेझुझे काढून न्यायचे नाहीत. हवं तर त्यांचे पैसे मागता येतात. दुसरं कोणी येणार असेल किंवा इमारत पडणार असेल तर काढून घ्यायचे, कारण ते डेब्रिजमध्ये जाणं हा लेखाचा अपमान. १९४८ नंतर हजारो बेने इस्रायल इस्रायलला गेले आणि कोकणातली घरं इतरांच्या ताब्यात गेली. जुनी वास्तू घेतलेल्या कोणाला चौकटीवर अशी नळी रंगाच्या थरांखाली सापडली, तर ती फेकू नये. जवळच्या सिनेगॉगमध्ये पोचवावी. खराब झालेले लेख जाळत किंवा कचऱ्यात टाकत नाहीत, दफनभूमीत पुरतात.

रंगकामाच्या वेळीही रंगाऱ्याला आधी सांगावं. नळीवरून ब्रश फिरला तर तेवढं चालेल. पण टर्पेंटाइन फटीतून आत गेलं तर शाई उरणार नाही.

पावसाळ्याचा हिशोब

घरातल्या मेझुझाची तपासणी सात वर्षांत दोनदा करावी, असा नियम आहे. सार्वजनिक दाराचा ५० वर्षांत दोनदा, म्हणजे सगळ्यांची जबाबदारी ती कोणावरच जड होऊ नये. पण हे नियम ठरले त्या कोरड्या प्रदेशात चार महिन्यांचा पाऊस नव्हता. उघड्या गॅलरीतल्या दारावर पावसाची झड येते, चामडं ओल धरतं आणि आकसतं, शाईचे पापुद्रे सुटतात. म्हणून गुंडाळी आधी प्लास्टिकमध्ये घालून मग नळीत ठेवतात आणि नळीचं वरचं तोंड बंद करतात. तरीही पावसाळा संपल्यावर मुख्य दाराचा मेझुझा उघडून पाहिलेला बरा. अक्षराला तडा दिसला तर स्वतः पेन घेऊन बसू नये. ते सोफेरचं काम.

हिशोब मांडायचा तर साधारण टू बीएचकेला मुख्य दार, स्वयंपाकघर, दोन बेडरूम आणि बाल्कनी असे पाच मेझुझे येतात. पॅसेजला चौकट असेल तर सहावा. सगळे एकाच वेळी लावले तर आशीर्वाद एकदाच म्हणायचा, मुख्य दाराशी.