पाखाडीत एक भट्टी

मुंबईतल्या मराठी घरांत ओव्हन आले नव्हते तेव्हा दिवाळीआधी बेकरीची एक फेरी ठरलेली असे. रवा, मैदा, पिठीसाखर आणि तूप पिशवीत भरून न्यायचं, नंबर लावायचा, बेकरीच्या भट्टीत आपली नानकटाई भाजून घ्यायची आणि डबा भरून घरी परतायचं. एका भट्टीवर अख्ख्या आळीचा फराळ पुरा होई. आज अंधेरी-बोरिवलीपासून घाटकोपर-मुलुंडपर्यंत ज्यांच्या दारापुढे थोडी मोकळी जमीन शिल्लक आहे, त्यांना तिथे लाकडाची भट्टी आणि उघड्यावरचं स्वयंपाकघर बांधावंसं वाटलं तर ते स्वाभाविक आहे. अशी भट्टी जरूर बांधावी आणि स्वतःच्या हातांनी बांधावी. मात्र ती एका घरापुरती बांधू नये, पाखाडीची, म्हणजे अख्ख्या वस्तीची म्हणून बांधावी. शेजारधर्म म्हणून ते चांगलं आहेच, पण खरं कारण भट्टी तापते कशी यात आहे.

चुलीचा जाळ थेट भांड्याच्या बुडाला लागतो आणि तो विझला की शिजणं थांबतं. भट्टीत जाळ आधी भिंती तापवतो. दोन-तीन तास आत आग धगधगती ठेवायची, मग निखारे कडेला सारायचे किंवा ओढून काढायचे, आणि तापलेल्या माती-विटा जी उष्णता परत सोडतात तिच्यावर भाजायचं. साधा हिशेब करून पाहू. आतून ८० सेंटिमीटर व्यासाचा घुमट, १० सेंटिमीटर जाडीची मातीची भिंत आणि खाली विटांचा तळ धरला, तर तापवायचं वजन सुमारे ३०० किलो भरतं. ते सरासरी ३०० अंशांनी तापवायला, वाया जाणारी उष्णता धरून, १२ ते १५ किलो कोरडं लाकूड लागतं. आत एक पाव ठेवा की पन्नास, हे लाकूड जवळजवळ तेवढंच जळतं. एका कुटुंबाने चार पिझ्झे भाजून भट्टी निवू दिली, तर बहुतेक सगळं सरपण निव्वळ भिंत तापवण्यात खर्ची पडलं. तेच दहा घरं पाळीपाळीने आली तर एकाच तापवणीत बरंच काही साधतं: साडेतीनशे अंशांच्या वर पिझ्झा, सव्वादोनशेच्या सुमारास पाव, भट्टी एकशेसत्तरवर उतरली की नानकटाई, रात्री दार लावून मडक्यातलं मटण किंवा पावटे, आणि सकाळी उरलेल्या उबेत मिरच्या कडक करणं. म्हणजे भट्टीला एका घरापेक्षा रांग मानवते.

रांगेची ही रीत फक्त बेकरीपुरती नव्हती. युरोपातल्या खेड्यांत शेकडो वर्षं गावाची एक भट्टी असे आणि घरोघरचं पीठ तिथे भाजून मिळे. गोव्यात पोदेराची, म्हणजे पाव भाजणाऱ्याची, भट्टी आजही वाड्याला पाव पुरवते. मुंबईच्या उपनगरांत आंबोली, मरोळ, किरोळ, गोराई अशा गावठाणांत ईस्ट इंडियन समाज राहतो. मराठीच्या एका बोलीत वाढलेला हा इथला मूळचा ख्रिस्ती समाज. १८८७ साली त्याने हे नाव घेतलं. त्यांचा बॉटल मसाला हे उघड्यावरच्या स्वयंपाकघराचं आपल्या दारातलं उदाहरण आहे. एप्रिल-मेच्या उन्हात मिरच्या वाळवायच्या, अंगणात लाकडाच्या जाळावर एकेक जिन्नस वेगळा भाजायचा, लाकडी उखळात कांडायचा आणि उजेडाने रंग-वास उडू नये म्हणून गडद काचेच्या बाटल्यांत ठासून भरायचा. कांडणाऱ्या बायका घरोघर जात आणि वर्षाचा मसाला काही आठवड्यांत उरकत. मोठी आग वर्षातून मोजके दिवस, ठरलेल्या हंगामात आणि अनेक घरांसाठी पेटवायची, हे शहाणपण इथलंच आहे.

बांधकाम वाटतं तितकं अवघड नाही, पण त्यातली प्रत्येक पायरी कशासाठी आहे ते कळलं पाहिजे. आधी कंबरेइतका दगड-विटांचा चौथरा. त्यावर उष्णता खाली झिरपू नये म्हणून माती आणि भाताचा तूस यांचा जाड थर, आणि त्यावर फायर ब्रिकचा सपाट तळ. तळावर ओल्या वाळूचा घुमट रचून त्याला ओले वर्तमानपत्राचे कागद चिकटवायचे. एक भाग चिकणमातीला दोन ते तीन भाग वाळू पायांनी मळून त्याचा १० सेंटिमीटरचा थर त्यावर चढवायचा. माती आवळली की दार कापून वाळू उकरून काढायची. आतला कागद हाताला लागला की थांबायचं. दाराची उंची घुमटाच्या आतल्या उंचीच्या साधारण ६३ टक्के ठेवतात, म्हणजे घुमट ४० सेंटिमीटर तर दार २५. दाराच्या खालच्या अर्ध्यातून हवा आत जाते, वरच्या अर्ध्यातून धूर बाहेर पडतो. दार फार उंच केलं तर उष्णता निसटते आणि फार बुटकं केलं तर आग गुदमरते. म्हणून धुराडंही घुमटाच्या माथ्यावर न ठेवता दाराच्या पुढे ठेवतात. घुमटावर पुन्हा तुसाच्या मातीचा थर आणि शेवटी चुन्याचा गिलावा. आतल्या थरात सिमेंट वापरू नये, कारण चारशे अंशांच्या पुढे ते भुसभुशीत होतं. माती सुकल्यावर आठवडाभर रोज लहान जाळ करून भट्टी हळूहळू मुरवावी. घाई केली तर आत कोंडलेली वाफ भिंत तडकवते. भट्टी तापल्याची खूण डोळ्यांना दिसते. सुरुवातीला घुमट आतून काजळीने काळाठिक्कर होतो आणि पुरेसा तापला की तीच काजळी जळून तो पांढरा पडतो. मग तळ पुसून चिमूटभर पीठ टाकावं. ते सावकाश तांबूस झालं तर पाव घालावा, लगेच काळं पडलं तर थांबावं.

उपनगरांत वर्षाला दोन हजार मिलीमीटरहून अधिक पाऊस पडतो, म्हणून भट्टीवर चारही बाजूंनी पुढे आलेलं पत्र्याचं छप्पर हवंच, आणि पावसाळ्यानंतर पुन्हा लहान जाळापासून सुरुवात हवी. शेजारी कडप्प्याचा ओटा, पाण्याचा नळ, वाळूची बादली, लाकूड कोरडं राहील असा आडोसा आणि वैलाची एक चूल एवढं केलं की स्वयंपाकघर पुरं झालं. वैल म्हणजे चुलीच्या जाळाची उरलेली धग वापरणारं दुसरं तोंड. धग वाया घालवायची नाही हा भट्टीचा धडा आपल्या चुलीने केव्हाच गिरवलेला आहे.

सर्वांत गंभीर आक्षेप हवेचा आहे आणि तो टाळता येणार नाही. ९ जानेवारी २०२५ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने लाकूड-कोळशावर चालणाऱ्या बेकऱ्यांना सहा महिन्यांत गॅस किंवा इतर स्वच्छ इंधनाकडे वळायला सांगितलं. तो आदेश व्यवसायांसाठी असला, तरी घरच्या भट्टीचा धूर शेजारच्या दमेकऱ्याच्या फुप्फुसात वेगळा वागत नाही. म्हणूनच अंगणोअंगणी भट्ट्या नकोत. बेकरीची भट्टी रोज जळते. पाखाडीची भट्टी वर्षातून आठ-दहा दिवस पेटली तर साऱ्या वर्षाचं लाकूड दीडशे किलोच्या आत राहतं. ते बाभूळ किंवा आंब्याचं, सहा महिने वाळलेलं असावं. ओल्या लाकडाची शक्ती स्वतःचं पाणी उकळण्यातच जाते आणि धूर होतो. प्लायवूड, रंगवलेल्या चौकटी आणि जुनं फर्निचर यांना भट्टीत कधीच जागा नाही, कारण त्यातल्या गोंद-रंगाचे विषारी वायू माणसांना आणि अन्नालाही बाधतात. थंडीत पहाटे आणि रात्री धूर जमिनीलगत साचतो, तेव्हा आग दुपारी, समुद्राचा वारा सुटल्यावर करावी. हवा गुणवत्ता निर्देशांक शंभराच्या वर असेल त्या दिवशी, सण असला तरी, नानकटाई गॅसच्या ओव्हनमध्ये भाजावी.

मग गॅसच का नको, असं कुणी विचारेल. रोजच्या स्वयंपाकाला गॅसच हवा. चुलीच्या धुराने बायकांच्या पिढ्यांचे डोळे आणि छाती खराब केली आहे. भट्टी त्याची जागा घ्यायला येत नाही. चहूबाजूंनी एकदम लागणारी धग आणि शंभर पाव एका दिवसात ही तिची कामं घरच्या ओव्हनला जमत नाहीत. कुणाला इमारतीची गच्ची सुचेल, पण गच्चीचा स्लॅब दर चौरस मीटरला साधारण दीडशे किलो वापराचा भार धरून आखतात आणि चौथऱ्यासह भट्टी एक टनाच्याही वर जाते. गच्ची वर्ज्यच. उरतं ते भांडणाचं भय. लाकूड कुणाचं, पाळी कुणाची, राख कोण काढणार, हे प्रश्न खरे आहेत. पण पाण्याची वेळ, गणपतीची वर्गणी आणि पार्किंग यांचे नियम ज्या सोसायट्या आणि गावठाणं करतात, त्यांना भट्टीची वहीही ठेवता येईल.

तेव्हा माती मळण्याआधी सर्वसाधारण सभेत किंवा गावठाणाच्या बैठकीत विषय मांडा, महापालिकेच्या विभाग कार्यालयात परवानगीची चौकशी करा आणि भट्टीला लागून असलेल्या घरांना पहिल्यांदा विचारा. त्यांचा होकार आला तर फेब्रुवारीत चौथरा बांधा. पावसाआधी भट्टी मुरेल. दहा घरं जमली नाहीत तर बांधू नका.