स्वस्त कॅबिनेट आणि हवेची वाट

पीसी जेवढी वीज खातो, तेवढी जवळजवळ सगळी शेवटी उष्णता होते. ६५ वॉटचा प्रोसेसर आणि ११५ वॉटचं आरटीएक्स ४०६० ग्राफिक्स कार्ड घेतलं, तर बाकीचे भाग धरून गेम चालू असताना सव्वादोनशे वॉटच्या आसपास उष्णता एका पत्र्याच्या डब्यात सतत तयार होत राहते. ती बाहेर काढून देणं हे कॅबिनेटचं मुख्य काम. दोन-तीन हजारांचं कॅबिनेट पुरेल का, हे याच कामावर तपासावं.

हिशेब सोपा आहे. कॅबिनेटमधून मिनिटाला ५० घनफूट हवा आरपार गेली, तर दर २८ वॉटमागे ती साधारण एक अंश तापते. म्हणजे सव्वादोनशे वॉट वाहून नेताना ती आठ अंश तापून मागून बाहेर पडेल. प्रवाह निम्म्यावर आला की हीच वाढ सोळा अंशांची होते. नागपुरात मे महिन्यात खोलीतच ४० अंश असतात. तेव्हा बाहेर पडणारी हवा ४८ अंशांची की ५६ची, हा फरक थोडा नव्हे. बहुतेक आधुनिक प्रोसेसर ९५ ते १०० अंशांच्या आसपास पोहोचले की जळू नये म्हणून आपला वेग स्वतःच कमी करतात. महागडा प्रोसेसर घेऊन तो दबकत चालवायचा, याला काय अर्थ आहे?

प्रवाह निम्म्यावर येतो तो बहुधा पुढच्या पॅनेलमुळे. समोर पूर्ण काच आणि कडेला बोटभर फट असली, की आतले तीन रंगीत पंखे नुसतेच फिरत राहतात. चांगल्या काचेच्या कॅबिनेटमध्ये बाजूने किंवा तळातून हवा घेण्याची सोय केलेली असते. स्वस्तात काच तेवढी लावतात. याउलट समोर जाळी असलेलं साधं काळं कॅबिनेट, पुढे दोन पंखे आत ओढणारे आणि मागे एक बाहेर फेकणारा, एवढ्यावर वरचा पीसी उत्तम चालतो. मुंबईत लॅमिंग्टन रोडवर घ्या नाहीतर आपल्या गावात, दुकानदाराला पंखे चालू करून दाखवायला सांगा आणि समोर कागद धरा. कागद जाळीला चिकटून राहिला, तर हवा आत जाते आहे. आरटीएक्स ४०९०सारखं एकटंच ४५० वॉट ओढणारं कार्ड असेल, तर मात्र मोठं, जास्त पंख्यांचं कॅबिनेट घ्यावंच.

पैसे वाचतात कुठे? मुख्यतः पत्र्यात. स्वस्तात तो अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास असतो, त्यामुळे बाजूचं झाकण थरथरतं, कडा बोटाला लागतात, मागच्या स्लॉटच्या पट्ट्या तोडूनच काढाव्या लागतात. जोडणी मात्र अडत नाही, कारण इंटेलने १९९५ मध्ये आणलेल्या एटीएक्स मानकाने मदरबोर्डच्या स्क्रूंच्या जागा सगळ्यांसाठी ठरवून दिल्या आहेत. दोन मापं तेवढी खोक्यावर वाचावीत: कार्डसाठी लांबी आणि कूलरसाठी उंची. टॉवर कूलर १५५-१६० मिलिमीटरचे सहज असतात, आणि अरुंद कॅबिनेटचं झाकण मग बसत नाही. जोडताना मदरबोर्डखाली एकही जादा पितळी स्टँडऑफ (बोर्ड टेकवायचा खुंट) राहू देऊ नका. तो पाठीमागच्या टाक्यांना टेकला तर शॉर्ट होतो.

पंख्यांची वायर कुठे जाते, तेही पाहावं. मोठ्या मोलेक्स कनेक्टरवर चालणारा पंखा सतत पूर्ण वेगाने फिरतो आणि रात्री त्याचा आवाज नकोसा होतो. मदरबोर्डला जोडता येणारा पंखा तापमानाप्रमाणे वेग बदलतो. मागाहून बदलायलाही तो फार महाग पडत नाही.

एका गोष्टीला मात्र मी ठाम नकार देईन: स्वस्त कॅबिनेटसोबत फुकटात येणारा एसएमपीएस, म्हणजे पीसीला वीज पुरवणारा डबा. त्याच्या लेबलवरचा मोठा आकडा सोडून १२ व्होल्टचा रकाना वाचा, कारण प्रोसेसर आणि कार्ड त्यावरच जगतात. वर ४५० लिहिलेलं असलं आणि तिथे १६ अँपिअर असतील, तर त्यांच्या वाट्याला १९२ वॉटच आहेत. शिवाय अशा एसएमपीएसमध्ये संरक्षणाचे भाग गाळलेले असू शकतात, आणि तो जाताना मदरबोर्डही घेऊन जाऊ शकतो. कॅबिनेटवर वाचलेले पैसे इथे घाला.

कॅबिनेटला हात लावल्यावर झिणझिण्या आल्या, तर दोष पत्र्याला देऊ नका. एसएमपीएसच्या फिल्टरमधले कपॅसिटर थोडासा प्रवाह धातूच्या अंगाकडे सोडतात आणि तो अर्थिंगच्या तारेने जमिनीत जायचा असतो. भिंतीतल्या सॉकेटला तिसरं भोक असतं, पण मागे तार जोडलेलीच नसते, अशी घरं पुष्कळ आहेत. तिथे वीस हजारांचं कॅबिनेटही तसंच झिणझिणेल. आधी वायरमनला बोलवा.