पोशाख, पेठ आणि पक्ष

मनुष्याचें मत त्याच्या तोंडून ऐकण्यापूर्वींच तें ओळखून टाकावें, ही हौस आपल्या सुशिक्षित घरांत फार जुनी आहे. नवा पाहुणा दिवाणखान्यांत येऊन बसतो, आडनांव सांगतो, बिऱ्हाड कोणत्या पेठेंत आहे आणि नोकरी कोठें आहे तें सांगतो; आणि त्याच्यापुढें चहाचा पेला येण्याच्या आधींच स्वयंपाकघरांत निकाल लागलेला असतो कीं, हा अमक्या पक्षाचा! पेठ, पेशा, पोशाख आणि आडनांव ह्या चार खुणांवर हें सगळें ज्योतिष चालतें. पत्रिकेवरून भविष्य सांगणारास निदान पंचांग तरी उघडावें लागतें. येथें तेवढेहि कष्ट नाहींत. ह्या ज्योतिषाची एकदां नीट परीक्षा घ्यावी, असें आम्हांस वाटतें. कारण तें दिसतें तितकें निरुपद्रवी नाहीं.

प्रथम त्याच्या बाजूनें जें म्हणण्यासारखें आहे तें म्हणूं. खुणा दोन प्रकारच्या असतात. कांहीं मनुष्य आपण होऊन अंगावर घेतो, आणि कांहीं त्याला जन्मानें चिकटतात. पहिल्या प्रकारच्या खुणा पुष्कळदां खरोखरच बोलतात. १९२० च्या सुमारास असहकारितेच्या चळवळींत जी पांढरी खादीची टोपी लोकांच्या डोक्यावर आली, ती ऊनवाऱ्यासाठीं आलेली नव्हती. ती घालणें म्हणजे सरकारास चारचौघांत दिलेलें उत्तर होतें. सरकारासहि तें उत्तर बरोबर समजलें. १९३० सालीं गुंटूरच्या जिल्हा मॅजिस्ट्रेटानें ही टोपी घालण्यासच मनाई करणारा हुकूम काढला होता. अशा दिवसांत टोपीवरून पक्ष ओळखणारा फारसा चुकत नसे. कारण टोपी घालणारास तिची किंमत मोजावी लागत होती.

परंतु खूण स्वस्त झाली कीं तिचा अर्थहि उतरतो. स्वराज्य आल्यावर तीच टोपी मंत्र्यांच्या डोक्यावर गेली, आणि खेड्यांतील वडीलधाऱ्या मंडळींच्या तर ती नित्याच्या पोशाखांत जाऊन बसली. पंढरीच्या वाटेवरचा वारकरी ती घालतो, मुंबईचा डबेवालाहि ती घालतो. ह्यांपैकीं कोण कोणास मत देतो, हें टोपी सांगूं शकत नाहीं. उलट २०११ सालीं दिल्लीच्या रामलीला मैदानावर अण्णा हजारे ह्यांचें उपोषण झालें, तेव्हां हजारों तरुणांच्या डोक्यावर तीच टोपी दिसली, आणि ती काँग्रेसच्याच सरकारविरुद्ध! राष्ट्रीय स्वयंसेवक संघाच्या खाकी अर्ध्या विजारीवर तर किती विनोद झाले. २०१६ सालीं तीहि जाऊन तिच्या जागीं तपकिरी पूर्ण विजार आली. स्वतः निवडून घेतलेल्या खुणांची जर ही गत, तर न निवडलेल्या खुणांवर कितपत विसंबावें?

आणि आपलें घरगुती ज्योतिष चालतें तें मुख्यतः ह्या न निवडलेल्या खुणांवरच. त्याची कसोटी पाहावयास फार दूर जावयास नको. लोकमान्य टिळक आणि नामदार गोखले ह्यांच्याच कुंडल्या मांडून पाहाव्या. दोघेहि रत्नागिरी जिल्ह्यांत जन्मले, टिळक १८५६ सालीं आणि गोखले १८६६ सालीं, दोघेहि चित्पावन, दोघेहि डेक्कन एज्युकेशन सोसायटींत शिक्षक होते, दोघांचीहि कर्मभूमि पुणें, दोघांच्याहि तसबिरींत डोक्यावर पागोटें आहे. ह्याहून सारख्या दोन कुंडल्या मिळणें कठीण. तरी एक जहालांचे पुढारी झाले, दुसरे मवाळांचे. आणि १९०७ सालीं सुरतेस काँग्रेस दुभंगली तेव्हां हे दोघे समोरासमोरच्या बाजूंना उभे होते.

धंद्याची खूणहि अशीच लंगडी आहे. १८८९ ह्या एकाच वर्षीं जन्मलेले दोन डॉक्टर घ्या. दोघेहि वैद्यक शिकण्यास कलकत्त्यास गेले, दोघांनींहि काँग्रेसच्या कार्यांत भाग घेतला, आणि तरुणांची शिस्तबद्ध संघटना केल्यावांचून देशाचें भलें नाहीं असें दोघांनाहि वाटलें. त्यांपैकीं हुबळीचे डॉ. ना. सु. हर्डीकर ह्यांनीं १९२३ सालीं हिंदुस्थानी सेवा दल उभारलें, तेंच पुढें काँग्रेसचें सेवा दल झालें. नागपूरचे डॉ. केशव बळीराम हेडगेवार ह्यांनीं १९२५ सालीं राष्ट्रीय स्वयंसेवक संघ स्थापिला. नाडी पाहण्याची विद्या एकच. देशाची नाडी पाहून दोघांनीं केलेलें निदान मात्र निरनिराळें!

आडनांवाविषयीं तर बोलावयासच नको. मुंबईच्या गिरणीकामगारांना लाल निशाणाखालीं आणणारे श्रीपाद अमृत डांगे हे ब्राह्मणच होते. डिसेंबर १९२७ मध्यें महाडच्या सत्याग्रह परिषदेंत मनुस्मृतीच्या दहनाचा ठराव मांडला तो गंगाधर नीळकंठ सहस्रबुद्धे ह्यांनीं. नुसतें आडनांव ऐकून हें कोणता ज्योतिषी सांगूं शकला असता? आणि ज्यांच्या नेतृत्वाखालीं तो सत्याग्रह झाला, त्या डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा सूट-बूट पाहून कोणी त्यांस साहेबी थाटाचे गृहस्थ म्हणून बाजूस काढलें असतें, तर त्यानें केवढी ठेंच खाल्ली असती! ज्या समाजास चांगलें वस्त्र अंगावर घेण्याचीहि पिढ्यानपिढ्या मुभा नव्हती, त्याच्या पुढाऱ्याच्या अंगावरील त्या कोटाचा अर्थ अगदीं निराळा होता.

आतां राहिली वस्ती. लालबाग-परळ म्हणजे लाल बावटा, असें समीकरण एके काळीं सर्वांच्या तोंडीं होतें. त्याच भागांतील कम्युनिस्ट आमदार कृष्णा देसाई ह्यांचा जून १९७० मध्यें खून झाला, आणि त्यांच्या रिकाम्या जागेच्या पोटनिवडणुकींत शिवसेनेचे वामनराव महाडिक निवडून आले. १९८२ सालीं डॉ. दत्ता सामंत ह्यांच्या पुढारीपणाखालीं गिरण्यांचा मोठा संप झाला, आणि १९८४ सालीं गिरणगांवानें त्यांस लोकसभेवर पाठविलें. पुढें गिरण्याच गेल्या आणि त्यांच्या जागीं काचेच्या गगनचुंबी इमारती आल्या. वस्तीचें नांव तेंच. पण चौदा-पंधरा वर्षांत तिनें किती रंग पाहिले! पुण्याचेंहि तेंच. पुण्याच्या पेठा म्हणजे अमुकच पक्ष, असें समजणारांनीं आठवावें कीं, पुण्यानें १९५७ सालीं समाजवादी ना. ग. गोरे आणि १९६७ सालीं समाजवादी एस. एम. जोशी ह्यांस लोकसभेवर पाठविलें होतें. कसबा मतदारसंघ १९९५ पासून सतत भारतीय जनता पक्षाकडे होता. मार्च २०२३ च्या पोटनिवडणुकींत तो काँग्रेसनें जिंकला, आणि नोव्हेंबर २०२४ मध्यें पुनः भारतीय जनता पक्षाकडे गेला. दीड वर्षांत पेठा तर जागच्या हलल्या नव्हत्या. हललीं तीं माणसांचीं मनें.

येथवर हा विषय थट्टेचा वाटेल. परंतु ह्या ज्योतिषानें महाराष्ट्रांत एकदां घरें जाळलीं आहेत, आणि तीं आपल्यासारख्यांचींच होतीं. ३० जानेवारी १९४८ रोजीं महात्माजींचा खून झाला. खुनी पुण्याचा आणि ब्राह्मण आहे, एवढें कळल्याबरोबर पुणें, मुंबई, सातारा, सांगली, कोल्हापूर ह्या भागांत ब्राह्मणांचीं घरें, दुकानें व कारखाने ह्यांना आगी लावण्यांत आल्या. जमावानें कोणास ‘तुमचें मत काय?’ असें विचारलें नाहीं. आडनांव आणि आळी, एवढा पुरावा त्याला पुरला. खुन्याच्या विचाराचे लोक आपल्यांत नव्हते असें नाहीं. परंतु त्याच आडनांवांच्या यादींत आणखी कोण होतें तें पाहा. मुंबई इलाख्याचे त्या वेळचे मुख्य मंत्री बाळासाहेब खेर होते. केंद्रीय मंत्रिमंडळांत पुण्याचे काकासाहेब गाडगीळ होते. १९४० सालीं गांधीजींनीं ज्यांस पहिले वैयक्तिक सत्याग्रही म्हणून निवडलें ते विनोबा भावे होते. ज्या सातारा जिल्ह्यांत जाळपोळ झाली, त्याच जिल्ह्यांतील इस्लामपूरचे आचार्य जावडेकर गांधीविचाराचे मोठे भाष्यकार होते. आणि ह्या खुनाचें प्रायश्चित्त म्हणून एकवीस दिवस उपोषण करणारे साने गुरुजी होते. ह्यांपैकीं कोणाचेंहि मत त्याच्या आडनांवांत लिहिलेलें नव्हतें.

त्या दिवसांच्या आठवणी पुष्कळ घरांतून अजूनहि सांगितल्या जातात. जळालेला वाडा, रातोरात सोडलेलें गांव, आणि त्याबरोबरच, आपल्या घरांत लपवून ठेवणारा मराठा किंवा मुसलमान शेजारी, ह्यांच्या त्या आठवणी असतात. ह्या शेजाऱ्यानें काय केलें? त्यानें अंदाज बांधला नाहीं. तो समोरच्या माणसास ओळखत होता, आणि ओळखीवर विसंबून त्यानें दार उघडलें. अंदाज आणि ओळख ह्यांत किती अंतर आहे, हें ह्याहून स्पष्ट करून सांगणें आम्हांस जमणार नाहीं.

म्हणूनच आम्हांस खंत वाटते ती ही कीं, ज्यांच्या वाडवडिलांनीं ह्या रीतीचा चटका सोसला, त्यांच्याच बैठकींत आज तीच रीत दुसऱ्यांना लावली जाते. अमक्या वस्तीचा म्हणजे तसला, अमुक नांवाचा म्हणजे त्या पक्षाचा, आणि दाढी असली तर मग देशाविषयींची त्याची भावनाहि ठरलेली! नोव्हेंबर १९८४ मध्यें दिल्लींत असाच दाढी-पगडीचा पुरावा धरून शिखांची कत्तल झाली; सरकारी गणतीप्रमाणें एकट्या दिल्लींत २,७३३ माणसें मारलीं गेलीं. त्यांचीं घरें हुडकून काढण्यास मतदारांच्या याद्या वापरल्याचें पुढें साक्षींत आलें. दिवाणखान्यांतील अंदाज आणि रस्त्यावरील आग ह्यांमध्यें पुष्कळ पायऱ्या आहेत हें खरें. परंतु जिना तोच आहे.

शिवाय हा खेळ आतां केवळ आपल्या घरांत राहिलेला नाहीं. १९५१ च्या लोकप्रतिनिधित्वाच्या कायद्यानें मताची गुप्तता राखली आहे. परंतु मतयंत्रें आल्यापासून प्रत्येक मतदानकेंद्राचीं मतें निराळीं मोजलीं जातात आणि तो हिशेब प्रसिद्ध होतो. एका केंद्रावर साधारणतः हजार-बाराशे मतदार असतात. म्हणजे मनुष्याचें मत गुप्त राहिलें तरी त्याच्या आळीचें राहत नाहीं. मग ज्या आळीनें मत दिलें नाहीं तिचा नळ आणि तिचा रस्ता मागें पडावयास किती वेळ? हा धोका ओळखूनच अनेक केंद्रांचीं मतें एकत्र करून मोजणारें यंत्र वापरावें, अशी शिफारस विधि आयोगानें २०१५ सालीं आपल्या २५५ व्या अहवालांत केली होती; ती अमलांत आलेली नाहीं. आळीवरून मत ओळखण्याच्या संवयीस राज्यकारभारांत असें स्थान मिळत असतां, घरांत तरी तिला थारा देऊं नये.

कोणी म्हणेल, ‘पण शंभरांत सत्तर वेळां आमचा अंदाज बरोबर येतो!’ समजा येतो. परंतु आपल्यापुढें शंभर माणसें बसलेलीं नसतात, एकच बसलेला असतो. आणि तो उरलेल्या तिसांपैकीं असला, तर त्याच्यावर अन्याय झाला हें आपणांस कळतहि नाहीं, कारण एकदां पक्ष ठरविल्यावर त्याचें बोलणें आपण ऐकतोंच कोठें? त्याच्या प्रत्येक वाक्यांत आपणांस आपलाच अंदाज ऐकूं येतो.

एकत्र कुटुंबांत तर ह्या गोष्टीचा पडताळा रोजच पाहावयास मिळतो. एकच आडनांव, एकच छप्पर, एकाच चुलीवरचें अन्न; तरी आजोबांचें मत निराळें, काकांचें निराळें, आणि कॉलेजांत जाणाऱ्या मुलीचें त्याहून निराळें. सूनबाईंचें मत तर पुष्कळ घरांत कोणी विचारलेलेंच नसतें. तें यजमानांच्या मतांत जमेस धरलेलें असतें! एका घरांतील पांच माणसांचें मत जर छपरावरून कळत नाहीं, तर सबंध पेठेचें कसें कळावें?

तेव्हां आमचें सांगणें एवढेंच आहे. घरीं आलेल्या पाहुण्याचें, मुलांच्या मित्रमैत्रिणींचें, भाड्यानें खोली मागावयास आलेल्या तरुणाचें मत जाणून घ्यावयाचें असेल तर तें सरळ विचारावें, आणि तो सांगेल तें शेवटपर्यंत ऐकून घ्यावें. त्याला सांगावयाचें नसेल तर न सांगण्याचा हक्क त्याला कायद्यानेंच दिलेला आहे, तो आपणहि मानावा. आणि मुलांदेखत कोणाच्या नांवावरून वा वस्तीवरून निकाल देण्याचें वडील मंडळींनीं टाळावें. कारण मुलें मतें विसरतात, पण मत बनविण्याची रीत मात्र घरांतूनच उचलतात.